अण्णांचं पिस्तूल

अण्णांच्या पिस्तुलाची मूठ माझ्या हाताला बसत नाही. अक्रोडाच्या लाकडाची ती मूठ त्यांनी कानशीनं घासून घासून घडवली होती. जिथं लाकूड कमी पडलं तिथं लांबी भरली, जिथं टोचलं तिथं पुन्हा घासलं. अंगठा टेकायचा उंचवटा, करंगळीखालची खळगी, तळहाताला खालून आधार देणारी सरकती फळी, सगळं त्यांच्या हाताचं. माझा हात लहान, बोटं आखूड. धरलं की मधल्या बोटाखाली पोकळी राहते आणि नेम एका बाजूला ओढला जातो.

नेमबाजीच्या पिस्तुलाची मूठ सुटी करता येते. मी माझ्या मापाची दुसरी बसवली आणि अण्णांची मूठ बैठकीतल्या काचेच्या कपाटात त्यांच्या पदकांशेजारी ठेवली. येणारा-जाणारा ती हातात घेतो, भाचा आपली बोटं त्या खळग्यांत बसवून बघतो, आई अधूनमधून पुसते. लाकूड आहे ते, त्याला परवाना लागत नाही. पिस्तूल मात्र कुणाला दिसत नाही. वडिलांची आठवण आणि वडिलांचं हत्यार या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात, आणि वारसानं सगळ्यात आधी तेच करायला हवं, असं माझं मत आहे. घोळ होतो तो इथंच. माणूस गेलेलं असतं, त्याच्या वस्तू हलवायला कुणाचा हात धजत नाही. चष्मा, घड्याळ, डायरी जिथल्या तिथं राहतात, आणि त्याच मायेपोटी पिस्तूलही त्याच्या ट्रंकेत, त्याच्याच रुमालात गुंडाळून तसंच पडून राहतं. चष्मा तसा राहिला तर काही बिघडत नाही. पिस्तूल तसं राहिलं तर ते त्या दिवसापासून बेकायदा असतं, आणि त्यात गोळी आहे की नाही हे घरातल्या कुणालाच ठाऊक नसतं.

कायदा इथं स्पष्ट आहे. परवाना माणसाला मिळतो, घराला नाही. परवानाधारक गेला की परवानाही संपला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम २१ सांगतं की ज्याच्याजवळ शस्त्र ठेवण्याचा अधिकार उरलेला नाही, त्यानं ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. वारसाला स्वतःचा परवाना मिळाला की ते परत घेता येतं. आम्ही दिवसकार्य व्हायच्या आतच ठाण्यात कळवलं. दादा म्हणाला, एवढी कसली घाई, पाहुणे तरी जाऊ देत. मला वाटतं घाई नेमकी तेव्हाच करायची असते. घर माणसांनी भरलेलं असतं, कपाटं उघडी असतात, पोरं खोल्याखोल्यांतून हिंडत असतात.

पुढचा रस्ता लांबचा आहे, पण अवघड नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी वेगळी तरतूद आहे. वय २१ पूर्ण लागतं. बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं, म्हणजे आई आणि दादा या दोघांनीही लिहून द्यायचं. पोलिसांकडून चौकशी होते. शस्त्र हाताळण्याचं, निगेचं आणि साठवणुकीचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आमच्याकडे परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो. जिथं पोलीस आयुक्तालय आहे, त्या शहरांत आयुक्तांकडून. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. ज्यांना ठेवायचं नाही, त्यांनी ते रीतसर दुसऱ्या परवानाधारकाला विकावं नाहीतर सरकारजमा करावं. त्यात वडिलांचा अपमान होतो असं काही नाही. न वापरणाऱ्या, न समजणाऱ्या वारसाच्या घरात गंजत पडणं हाच त्या वस्तूचा अपमान आहे.

परवाना हातात पडेपर्यंत पिस्तूल जमा राहिलं, तेव्हा मधे एक पावसाळा गेला. परत आलं तेव्हा नळीच्या बाहेरच्या बाजूला लालसर ठिपके आले होते आणि ते कापडी पिशवीत नुसतंच घातलेलं होतं. जमा करणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. देण्याआधी ते रिकामं असल्याची खात्री जाणकाराकडून करून घ्या, त्याच्याकडूनच तेलाचा पातळ हात फिरवून घ्या, पावतीवर क्रमांक, बोअर (नळीचा आतला व्यास), मॅगझिन (गोळ्या भरायची डबी) किती, काडतुसं किती हे सगळं लिहून घ्या आणि सगळ्या बाजूंनी घेतलेले फोटो जवळ ठेवा. ‘एक पिस्तूल’ एवढ्या पावतीवर समाधान मानू नका.

हे पिस्तूल म्हणजे वॉल्थर जीएसपी, पॉइंट टू-टू बोअरचं. जर्मनीतल्या उल्मच्या कारखान्यानं हे मॉडेल १९६८ साली काढलं. ज्यांनी फक्त सिनेमातली पिस्तुलं पाहिली आहेत त्यांना हे पिस्तूलच वाटत नाही. मॅगझिन मुठीत नसून ट्रिगरच्या पुढे, आणि त्यात पाचच गोळ्या. अण्णा खेळायचे ती स्टँडर्ड पिस्तूल स्पर्धाही पाचाच्याच हिशेबानं चालते: २५ मीटरवर साठ गोळ्या, पाच-पाचच्या फैरी, प्रत्येक प्रकारच्या चार, आधी दीडशे सेकंदांत पाच, मग वीस सेकंदांत पाच, शेवटी दहा सेकंदांत पाच. कोल्हापुरात हे सगळं फारसं समजावून सांगावं लागत नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन (पालथं झोपून) रायफलमध्ये विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं, स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून २०२४ साली ऑलिंपिकचं कांस्य. त्यामुळे बाई पिस्तूल घेऊन रेंजवर निघाली तर आमच्या गल्लीत कुणी वळून बघत नाही. त्यांना वाटतं, हिचंही काहीतरी येईल पेपरात.

पण ओळखीमुळे धाक कमी होता कामा नये. ‘टू-टू म्हणजे खेळण्यातलं’ असं म्हणणारे मी रेंजवर ऐकलेत. ही गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आणि नेमबाजीच्या पिस्तुलाचा ट्रिगर हलका असतो. २५ मीटरच्या या पिस्तुलांना नियमानं किमान १००० ग्रॅम ताण लागतो, आणि खेळाडू तो त्या किमान रेषेच्या अगदी जवळ आणून ठेवतात. सवय नसलेल्या माणसाला एवढ्या ताणाचा ट्रिगर कधी सुटला ते कळतही नाही. जुन्या पिस्तुलात स्प्रिंग थकतात, ट्रिगर अडकवणाऱ्या कडा झिजतात आणि ताण आणखी खाली उतरतो. म्हणून वारशात आलेलं पिस्तूल पहिल्यांदा रेंजवर न्यायच्या आधी ते जाणकार आर्मररच्या, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याच्या, टेबलावर जायला हवं. त्यानं वजन टांगून ताण मोजावा, एका ट्रिगरला एकच गोळी सुटते ना ते बघावं, फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) आणि एक्स्ट्रॅक्टर (झाडलेलं काडतूस बाहेर ओढणारं नख) तपासावा. ट्रिगरजवळचे बारीक स्क्रू आपण फिरवायचे नाहीत, मग हात कितीही शिवशिवोत.

रिकामं करण्याचा क्रम अण्णांनी मला एकदाच सांगितला आणि पुढं शंभर वेळा करून घेतला. तोंड सुरक्षित दिशेला. बोट ट्रिगरच्या बाहेर, नळीच्या रेषेत ताठ. आधी मॅगझिन काढायचं, मगच बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता भाग, मागं ओढायचा. हा क्रम उलटा केला तर चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथली, गोळी बाहेर पडते, पण बोल्ट पुढं जाताना मॅगझिनमधली दुसरी आत बसते, आणि मग मॅगझिन काढून हातात घेतलेला माणूस निर्धास्त होतो. कितीतरी अपघात या निर्धास्तपणात आहेत. बोल्ट मागं धरून चेंबर डोळ्यांनी बघायचं, मग बोटाच्या टोकानं चाचपायचं, कारण संध्याकाळच्या उजेडात डोळा फसतो. त्यानंतर चेंबरमध्ये रंगीत सेफ्टी फ्लॅग, बाहेरून दिसणारी खुणेची पट्टी. स्पर्धेत तो सक्तीचा आहे. मी घरीही वापरते, कारण तो दिसला की दुसऱ्याला न विचारता कळतं. दुसऱ्यानं ‘रिकामं आहे’ म्हणून दिलेलं पिस्तूल हातात घेतल्यावर पुन्हा बघणं हा अविश्वास नव्हे, रेंजवरचा तो शिष्टाचार आहे. अण्णा माझ्या हातातून घेतानाही बघायचे आणि मला देतानाही मी बघावं म्हणून थांबायचे.

एक गोष्ट रिमफायर पिस्तुलाची खास. टू-टूच्या काडतुसाचा स्फोटक भाग बुडाच्या कडेत असतो, मधोमध नाही. त्यामुळे फायरिंग पिनही कडेवर आपटते. चेंबर रिकामं ठेवून ट्रिगर दाबत राहिलं, तर अनेक पिस्तुलांत ती पिन थेट चेंबरच्या काठावर बसते. काठाला खाच पडते आणि मग काडतूस नीट आत-बाहेर होत नाही. घरी सराव करायचाच असेल तर त्यासाठी बनवलेली डमी काडतुसं मिळतात. जीएसपीचा तर ट्रिगरचा अख्खा संच बाहेर निघतो, आणि कोरड्या, म्हणजे बिनगोळीच्या, सरावासाठी वेगळा संचही मिळायचा; अण्णांच्या पेटीत तो आहे. कोरडा सराव करताना खोलीत एकही खरं काडतूस नसावं, यात तडजोड नाही.

आता साफसफाईचं. कॉलेजात एनसीसी केलेल्यांना पुल-थ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चिंधी आठवत असेल. नळी चकाकेपर्यंत घासायची, उस्तादांना उजेडाकडं धरून दाखवायची. ती शिस्त चांगली, पण टू-टूच्या टार्गेट नळीला ती जशीच्या तशी लावू नये. ही गोळी शिशाची, मेणचट वंगण लावलेली. नळीत त्याचा पातळ थर बसतो आणि त्या थरावरच नेम स्थिर राहतो. फार घासलं तर पुढच्या कित्येक गोळ्या इकडंतिकडं जातात. आणि अशा नळीचं नुकसान गोळ्यांपेक्षा साफ करायच्या सळईनं जास्त होतं. नळीच्या तोंडाची आतली कड म्हणजे सगळ्या अचूकतेचा शेवटचा क्षण. तिथं सळई घासली, बारीकसा ओरखडा पडला, तर गोळी बाहेर पडताना वायू एका बाजूनं निसटतो आणि गोळी कलते. म्हणून शक्यतो मागच्या बाजूनं, मऊ दोरीचा पुल-थ्रू, एक-दोन तेलाच्या चिंध्या, मग कोरड्या. तारेचा ब्रश मी हातात घेत नाही.

खरी घाण साचते ती चेंबरभोवती, बोल्टच्या तोंडावर आणि एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली. न जळलेली दारू आणि मेण यांचा काळा लगदा तिथं बसतो, सुकला की कडक होतो, आणि मग रिकामी पुंगळी अडकायला लागते. जुना टूथब्रश, लाकडी काडी आणि थोडं सॉल्व्हंट एवढ्यावर काम भागतं. नंतर तेल, पण किती? बोटाला लागेल इतकं, टपकेल इतकं नाही. जास्तीचं तेल दारूची राख धरून ठेवतं, ओघळून ट्रिगरच्या संचात जातं आणि वर्षांनी वार्निशसारखं घट्ट होतं. खाली मुठीत उतरलं तर लाकूड मऊ पडतं. आमच्याकडे एका काकांनी मायेनं खोबरेल सुचवलं होतं. खोबरेल थंडीत गोठतं, कालांतरानं खवट होतं, लोखंडाशेजारी त्याचं काम नाही. शिलाई मशीनचं तेल वंगण म्हणून चालतं, पण ते पातळ असतं आणि पावसाळाभर धातूचं रक्षण करत नाही. शस्त्रांसाठीचं गंजरोधक तेल घ्यावं, छोटी बाटली वर्षानुवर्षं पुरते.

मुठीच्या लाकडाला जवसाचं उकळलेलं तेल, फर्निचरवाल्यांकडे मिळतं ते. दोन थेंब, चोळून, जास्तीचं पुसून. पण तो फडका चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि गोळा करून ठेवलेला फडका आपोआप पेट घेऊ शकतो. मोकळा पसरून वाळवावा किंवा पाण्यात बुडवून टाकावा. आणि हे सगळं काम ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर करू नये. शिसं पोटात जातं, लहान मुलांना तर त्याचा अंशही वाईट. जुने कागद अंथरायचे, झालं की ते गुंडाळून वेगळे टाकायचे, हात साबणानं धुवायचे.

कोल्हापूरचा पाऊस हा या पिस्तुलाचा खरा शत्रू. जुलै-ऑगस्टमध्ये भिंती ओल धरतात, चपला बुरशीनं पांढऱ्या होतात. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर राहिली की पोलादावर गंज वेगानं धरतो, आणि आपल्याकडे ती आठवडेच्या आठवडे त्याच्या कितीतरी वर असते. मी तिजोरीत एक छोटा आर्द्रतामापक ठेवलाय आणि काटा पन्नासच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करते. सिलिका जेलचे केशरी दाणे ओल पिऊन हिरवे होतात, ते मंद आचेवर तापवले की पुन्हा केशरी. निळे-गुलाबी होणारेही मिळतात, पण त्यांत कोबाल्ट असतं, घरात मूल असेल तर केशरीच बरे. डांबराच्या गोळ्या कसरीसाठी आहेत, ओलीला त्यांचा उपयोग नाही.

सर्वांत उपयोगी वस्तू मला शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीवाल्या मित्राकडून मिळाली. आमच्याकडचं कास्टिंग मशीनिंग होऊन परदेशी जातं, तेव्हा समुद्राच्या हवेत गंजू नये म्हणून व्हीसीआय कागदात बांधतात. त्या कागदातून गंजरोधक वाफ हळूहळू निघते आणि बंद पेटीत धातूवर तिचा अदृश्य थर बसतो. जिथं हजारो किलो लोखंडासाठी हे रोज वापरतात, तिथं अर्ध्या कागदाला पैसे कोण घेणार!

पिस्तूल ज्या चामडी पेटीत आलं होतं ती सुंदर आहे, आत हिरवी मखमल, कुलूप पितळेचं. तिच्यात मी पिस्तूल ठेवत नाही. चामडं कमावताना वापरलेली रसायनं आणि क्षार त्यात राहतात, मखमल आणि फोम ओल धरून ठेवतात. अशा पेटीत एका बाजूवर ठेवलेलं पिस्तूल त्याच बाजूनं गंजतं. पेट्या नेण्या-आणण्यासाठी. एसी असलेल्या रेंजवरून बाहेर दमट हवेत आलं की थंड धातूला घाम सुटतो. तेव्हाही घरी येऊन लगेच बंद न करता, मी समोर बसलेली असताना, ते कोरडं होऊ द्यायचं आणि पुसून आत ठेवायचं. हातांच्या घामातलं मीठ फार चिवट. काहींच्या बोटांचे ठसे दोन दिवसांत धातूवर उमटतात. अण्णांचे तसे होते, म्हणून पुसायचा फडका कायम त्यांच्या खिशात असायचा.

खंडेनवमीला शस्त्रपूजन करणं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्यांचं. कोल्हापूरचा दसरा, त्यात घरात हत्यार, मग आई ते पाटावर मांडणारच. मी पूजेला नाही म्हटलं नाही. पण ओलं हळदकुंकू आणि फुलांचं पाणी काळ्या ब्ल्यूइंगवर, म्हणजे पोलादावर चढवलेल्या रक्षक थरावर, पडलं की काही तासांत डाग धरतो, आणि पाटाभोवती सगळी पोरं जमलेली. आता पाटावर अण्णांची मूठ असते आणि तिच्याशेजारी कोयता, विळी, दादाचा लॅपटॉप. आईनं त्यावर अक्षता टाकताना काही कमी पडल्याचं मला तरी जाणवलं नाही. पूजेच्या नावानं, लग्नाच्या वरातीत किंवा वाढदिवसाला हवेत गोळी झाडणाऱ्यांविषयी मात्र माझ्याजवळ एकही मऊ शब्द नाही. कायद्यात २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. वर गेलेली गोळी कुठंतरी खाली येतेच.

तिजोरी आतल्या कोरड्या भिंतीत बोल्टनं बसवलेली आहे, उचलून नेता येणार नाही अशी. कपड्यांच्या कपाटातला लॉकर पुरत नाही, कारण त्याची किल्ली घरात सगळ्यांना माहीत असते आणि दागिन्यांसाठी तो सारखा उघडतो. काडतुसं वेगळ्या कुलपात, त्यांच्या मूळ डब्यात, वेगळ्या खोलीत. पिस्तुलाचा बोल्टही मी काढून तिसरीकडं ठेवते. घरातल्यांना हे अती वाटतं. पण तिजोरीचं कुलूप चोरासाठी नसतं, चोर फार तर एकदा येतो. ते कुलूप घरातल्या माणसांसाठी असतं: कुतूहल असलेल्या पोरासाठी, आणि ज्याची रात्र कधी वाईट जाते अशा कुणासाठीही. ही गोष्ट बोलायला अवघड आहे म्हणूनच इथं लिहिते. घरात कुणी खचलेलं असेल, औषधं चालू असतील, तर तेवढ्या काळापुरतं शस्त्र विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करून यावं. त्यात कसला कमीपणा नाही. मी गावाला जास्त दिवस जाते तेव्हाही तेच करते, कारण माझ्या गैरहजेरीत घरातल्या कुणालाच ते बाळगण्याचा अधिकार नाही. निवडणुकीच्या काळात जमा करण्याचा आदेश आला तर वाद न घालता जमा करायचं. नियमित स्पर्धा खेळणाऱ्यांना सूट मिळू शकते, पण वारसानं ती गृहीत धरू नये.

अण्णांच्या खणात जुन्या काडतुसांचा एक डबा निघाला. शिशावर पांढरी भुकटी आलेली, पुंगळ्या काळवंडलेल्या. अशी काडतुसं झाडून संपवायची नाहीत, कचऱ्यात टाकायची नाहीत, आणि कुणी सुचवलं तशी पंचगंगेत तर मुळीच नाही. त्यांचीही परवान्यावर मोजदाद असते. ती मोजून, पावती घेऊन, पिस्तुलाबरोबर जमा झाली आणि मी ती परत मागितली नाही.

परवान्याच्या फाइलमध्ये मी एक कागद लावून ठेवलाय. मी गेल्यावर घरातल्यांनी काय करायचं ते त्यात ओळीनं लिहिलंय: हात लावू नका, आधी ठाण्यात फोन, रिकामं करायला रेंजवरच्या आर्मररला बोलवा, तिजोरीचा क्रमांक बंद पाकिटात कुठं आहे, कोणत्या पावत्या जपायच्या. नियमांत अशीही सोय आहे की परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगून झाली, यांतलं जे आधी होईल तेव्हा, तो हयात असतानाच वारसाचं नाव सुचवू शकतो. भाच्याला सध्या क्रिकेटशिवाय काही सुचत नाही आणि तसंच राहिलं तर मला वाईट वाटणार नाही. मी दादाला सांगून ठेवलंय, घरात कुणी खेळणारं नसेल तर हे पिस्तूल ठेवू नका. दुधाळीच्या रेंजवर उधारीच्या पिस्तुलानं सराव करणारी पोरं-पोरी कायम असतात. त्यांतल्या कुणाचा परवाना झाला असेल तर रास्त किमतीत त्यालाच द्या, कोरड्या सरावाचा संचही बरोबर द्या, आणि मूठ तेवढी ठेवून घ्या.